लिंबोणीखालचे प्रयोग

"वहिनी, नळ ठिबकतोय."

दातवाल्या बाईंनी डोळे उघडले. मागच्या बागेत, लिंबोणीच्या सावलीत त्या खुर्ची टाकून बसल्या होत्या. पाय थंड पाण्याच्या टबात होते आणि अंगात दिवंगत नवऱ्याची गुडघ्यापर्यंतची निळी चड्डी होती. बागेत दुसरं कुणी नव्हतं. त्यांनी लिंबोणीकडे पाहिलं. लिंबोणी आजवर कधी बोलली नव्हती.

"नळ हो, नळ. भिंतीजवळचा."

आवाज वरून येत होता आणि त्यात बारीकशी शिट्टी मिसळली होती. शेजारच्या घराच्या कोपऱ्यावर एक लोखंडी दांडा बाहेर आला होता आणि त्याच्या टोकाला नारळाएवढा पांढरा गोळा होता. गोळ्याला काळा डोळा होता. बाई बघत असतानाच त्या डोळ्याने मान किंचित खाली घातली आणि त्यांच्याकडे नीट पाहिलं. बाई उठल्या त्या टब उलथवूनच.

ती शिट्टी मात्र त्यांनी ओळखली. शेजारच्या तपासनिसांची कवळी त्यांनीच बनवली होती. पुढचे दोन दात जरा घासायला हवे होते. या, या म्हणून कितीदा सांगितलं, पण तपासनीस आले नव्हते.

बाईंचं कामच ते. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं वर्कशॉप होतं. गावातले डेंटिस्ट लोकांच्या जबड्यांचे ठसे पाठवायचे आणि बाई त्यात प्लास्टर ओतून साचे काढायच्या, मेणाच्या हिरड्या करायच्या, त्यात एकेक दात बसवायच्या. सकाळपासून मान खाली, नाकावर भिंग, केसांत पांढरी भुकटी. चार वाजले की हात धुवायचे, चड्डी चढवायची आणि मागचं दार उघडायचं. त्या तासाभरात त्या कुणाच्या कुणी नसायच्या. घरात राहणारी त्यांची थोरली नणंदसुद्धा त्या वेळी त्यांना हाक मारत नसे.

त्या संध्याकाळी बाई पुढच्या दाराने शेजारी गेल्या, चांगले कपडे घालून.

तपासनीस म्हणजे लिफ्टचे तपासनीस. नोकरीभर ते इमारतीइमारतींतून फिरले, लिफ्टच्या तारा बघितल्या, दरवाजे किती सेकंदांत बंद होतात ते मोजलं. निवृत्त झाल्यावर मोजायला काही उरलं नाही. त्यात बायको बाळंतीण मुलीकडे दुसऱ्या गावी गेलेली, ती परत यायचं नाव घेईना. मग एके दिवशी अंगणातली पाण्याची रबरी नळी चोरीला गेली. मुलीने काळजीपोटी तीन कॅमेरे पाठवले आणि तपासनिसांना पुन्हा नोकरी लागल्यासारखं झालं.

"या वहिनी, बसा," त्यांनी फोन पुढे केला. "हे बघा, तुम्ही आत्ता फाटकातून आलात ते. किती स्वच्छ दिसताय."

"भाऊ, तुमचा मागचा कॅमेरा माझ्या बागेत बघतो."

"तो चहूकडे बघतो. कुठे काही हललं की आपोआप मान वळवतो. मी काही करत नाही."

"मग बोलता कशाला?"

"नळ ठिबकत होता." तपासनिसांना प्रश्नच कळला नाही. "पाणी वाया जात होतं तुमचं."

"त्याचं तोंड तुमच्या दाराकडे करा ना. चोर काही माझ्या लिंबोणीवरून येणार नाही."

"चोर कुठूनही येतो. हे बघा वहिनी, भिंत माझी, दांडा माझा, कॅमेरा माझा. एक बोटभरसुद्धा तुमच्या हद्दीत आलेला नाही. हद्दीच्या बाबतीत मी फार काटेकोर आहे."

"दांडा नाही आला. पण तुमचं बघणं आलं ना अलीकडे."

"बघण्याला कुठली आलीय हद्द?" तपासनीस हसले, शिट्टी वाजली. "तुम्ही खिडकीतून आभाळ बघता. ते काय तुमच्या मालकीचं असतं?"

 बाईंना यावर उत्तर सुचलं ते घरी येऊन भांडी घासताना. आभाळ चड्डी घालून बसलेलं नसतं. पण आता त्यासाठी पुन्हा शेजारी जायचं म्हणजे शोभलं नसतं.

पुढचे काही दिवस बाईंनी सरळ मार्गाने जे जे करता येतं ते करून पाहिलं. दोरीवर चादर टांगली. वाऱ्याने ती भिंतीपलीकडे फडफडली आणि वरून आवाज आला, "चादर हद्दीत येतेय." वेल लावला. तो चढायला वर्ष लागेल असं रोपवाटिकेवाल्याने सांगितलं. बांबूची चटई आणून भिंतीवर उभी केली, तर दोन दिवसांत पलीकडचा दांडा तिच्याहून उंच झाला. नगरपालिकेत गेल्या, तर तिथल्या कारकुनाने भिंत उंच करायला परवानगी लागते हे समजावून सांगितलं. कॅमेऱ्याला लागते का, असं विचारल्यावर त्याने बराच विचार केला आणि भिंतीबद्दलच पुन्हा सांगितलं.

शेवटी बाई बागेत जाईनाशा झाल्या. चार वाजले की स्वयंपाकघरातच टब घेऊन बसायच्या, समोर गॅसची शेगडी.

नणंदेने हे आठवडाभर पाहिलं.

नणंदेला सगळे कुजबूजताई म्हणत. एका नाटक कंपनीत ती उभं आयुष्य प्रॉम्प्टर होती. विंगेत अंधारात उभं राहायचं, हातात संहिता घ्यायची आणि नट अडला की पुढचं वाक्य नेमकं त्याच्याच कानात पडेल असं टाकायचं. पहिल्या रांगेला ऐकू जाता कामा नये आणि नटाला ऐकू न जाऊनही चालत नाही. या कलेला टाळ्या नसतात. कंपनी बंद पडली तेव्हा तिने कपडेपटाची एक ट्रंक मागून घेतली आणि भावाच्या घरी राहायला आली. पुढे भाऊ गेला. नणंद-भावजय एकमेकींना धरून राहिल्या.

"अगं, अशी किती दिवस शेगडीकडे बघत बसणार?" ताई म्हणाली.

"ताई, तो माणूस ऐकतच नाही. काय करू?"

"त्याला बघायचंय ना? मग बघू दे की. पण काय बघायचं ते आपण ठरवू."

बाईंनी टबातून पाय काढले. ताईच्या चेहऱ्यावर असा भाव त्यांनी एकदाच पाहिला होता, आपल्या कंजूष मामाला तिने भाड्याचा नट सावकार म्हणून भेटवला होता तेव्हा.

आधी ताईने कॅमेऱ्याचे कान तपासले. दुसऱ्या दिवशी दुपारी ती बागेत गवत उपटत फिरली आणि दर चार पावलांवर, ओठ न हलवता, एकाच सुरात पुटपुटत राहिली, "नळी कुणी नेली ते मला माहीत आहे." लिंबोणीखाली काही झालं नाही. जाईच्या वेलाजवळ काही झालं नाही. नळाजवळ आली आणि वरचा गोळा गर्रकन फिरला. "कोण? कोण बोललं?" ताई गवत उपटत राहिली. तिला हवं होतं ते कळलं होतं. नळाजवळ बोललेलं ऐकू जातं, बाकी सगळीकडे नुसतं दिसतं.

बाईंच्या मागच्या खोलीत जुन्या साच्यांची पोती साठली होती. प्लास्टरचे जबडे, वरचे, खालचे, काही दात असलेले, काही बोळके. काम झाल्यावर ते टाकूनच द्यायचे असतात, पण बाईंच्या जिवावर यायचं. ताईने त्यातली एक टोपली भरली आणि वर काळं फडकं टाकलं.

"तू टोपली घेऊन यायचंस. इकडेतिकडे बघायचंस. मी खड्डा खणत असेन. मग नळावर हात धुताना मी विचारीन, सगळे निघाले का? तू म्हणायचंस, दोन राहिले. रडत होता."

"कोण रडत होता?"

"ते आपल्याला कशाला हवंय? त्याचा विचार तपासनीस करतील."

पहिला प्रयोग फारच वाईट झाला. बाई टोपली घेऊन आल्या त्या परेडला आल्यासारख्या. फडकं सरकलं आणि एक जबडा गवतावर पडला. तो उचलताना त्यांनी थेट कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि ओशाळून हसल्या. नळापाशी ताईने विचारलं, "सगळे निघाले का?" आणि बाई हात धूतच राहिल्या, धूतच राहिल्या.

"दोन राहिले," ताईने त्यांच्या कानात टाकलं. वरच्या डोळ्याला त्यातलं अक्षर ऐकू गेलं नाही.

"दोन राहिले," बाई खणखणीत आवाजात म्हणाल्या. "रडत होता."

आत आल्यावर ताईने कपाळाला हात लावला. "वर कशाला बघितलंस? कॅमेरा आहे हे आपल्या गावीही नाही असं दाखवायचंय."

"पण त्याने मला नळाचं सांगितलं होतं."

"ते तू विसरलीस. तुला विसरता येतं, आत्ताच दिसलं."

वरून मात्र त्या दिवशी काही आवाज आला नाही. चादर, नळ, पालापाचोळा, कशाबद्दल म्हणून काही नाही. पांढरा गोळा अंधार पडेपर्यंत त्या खड्ड्याकडे टक लावून होता.

दुसऱ्या दिवशी पाहुणा आला. कपडेपटाच्या ट्रंकेतला लांब कोट, हॅट आणि मिशा लावून ताईच मागच्या फाटकातून बॅग घेऊन आली. बाईंनी त्याचं स्वागत केलं, खुर्ची दिली, तोंड उघडायला लावून टॉर्चने आत पाहिलं. मग पाठीवर हात ठेवून त्याला घरात नेलं आणि दार लावून घेतलं. पाहुणा पुन्हा बाहेर आला नाही. तिसऱ्या दिवशी त्याचे बूट नळाखाली धुतले गेले. चौथ्या दिवशी त्याचा कोट दोरीवर वाळत होता आणि ताई त्याचा चष्मा लावून पेपर वाचत होती. रोज एक टोपली पुरली जात होती आणि नळाजवळ एखादंच वाक्य पडत होतं. "हा फार वळवळला." किंवा "परवा त्याचा भाऊ येतो म्हणतोय." किंवा नुसतंच, "शेजारी?" आणि त्यावर बराच वेळ शांतता.

बाई हळूहळू तयार होत होत्या. इतक्या की पाचव्या दिवशी खड्ड्यावर माती लोटल्यावर त्यांनी, कुणी सांगितलं नसताना, पायाने ती दाबली आणि समाधानाने हात झटकले. ताईने आत आल्यावर त्यांची पाठ थोपटली.

तपासनीस आता रस्त्यात भेटले की लांबूनच नमस्कार करायचे. एकदा मात्र त्यांना राहवलं नाही.

"वहिनी, तुमच्याकडे पाहुणे आले होते ना? गेले का?"

"आले होते," बाई म्हणाल्या. "गेले असं म्हणता येईल."

"कोण, नातेवाईक?"

"पेशंट." मग बाईंनी त्यांच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. "भाऊ, तुमची ती शिट्टी अजून तशीच आहे. या ना एकदा, सवडीने. पाच मिनिटांचं काम. मागच्या दाराने आलात तरी चालेल."

"नको, नको," तपासनिसांनी तोंडावर हात धरला. "मला सवय झालीय तिची."

हे सगळं गमतीचं होतं, पण आठवडा संपता संपता बाईंच्या लक्षात एक गोष्ट आली. चार वाजता हात धुवून त्या बागेत जायच्या ते आता कामालाच. कधी टोपली, कधी फावडं, कधी पाहुण्याचे बूट. चड्डी कपाटात, टब कोरडा. ताई सकाळपासून संवाद जुळवत बसायची, नवीन पाहुण्याच्या मिशा विंचरायची, जेवताना मध्येच थांबून म्हणायची, "आता त्याची बायको शोधत आली तर?"

"ताई, बास झालं," बाई म्हणाल्या. "आधी तो नुसता बघत होता. आता आपण त्याच्यासाठी राबतोय."

ताईने घास ताटातच ठेवला. "अगं, पण रंगायला लागलंय."

"मला नाही रंगवायचं. मला माझा एक तास हवाय."

 ताई उठून खिडकीशी गेली आणि भिंतीवरच्या गोळ्याकडे बघत राहिली. "आयुष्यभर विंगेत उभी राहिले," ती म्हणाली. "मी बोललेलं कुणी ऐकलं तर माझा पगार कापायचे. हा माणूस मी नुसती खुरपी उचलली तरी श्वास रोखून बसतो."

बाईंना वाईट वाटलं. पण त्या मागे हटल्या नाहीत. शेवटचा अंक करायचा आणि पडदा पाडायचा, एवढ्यावर दोघींचं जमलं.

शेवटच्या अंकात गालिचा होता. ट्रंकेतलं होतं नव्हतं ते त्यात कोंबून दोघींनी माणसाएवढी गुंडाळी केली, एका टोकाला बूट बाहेर ठेवले आणि धापा टाकत ती बागेतून ओढत नेली. अर्ध्या वाटेत एक बूट निसटला. बाई थबकल्या, मागे आल्या, बूट उचलला आणि प्रेमाने परत बसवला. ही जागा ताईने सांगितलेली नव्हती, त्यांची स्वतःची होती. मग नळाजवळ ताई म्हणाली, "आता एकच राहिला. त्याची कवळी आपलीच आहे." आणि दोघींनी, पहिल्यांदाच, हळूच मान वर करून थेट कॅमेऱ्यात पाहिलं.

पलीकडे काहीतरी फुटल्याचा आवाज आला, कपबशीचा असावा.

अर्ध्या तासात दारात पोलिसांची गाडी उभी होती. हवालदारबाई उतरल्या, मागून तपासनीस. हवालदारबाई उंच्यापुऱ्या होत्या आणि त्यांची ड्यूटी संपत आली होती, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं.

"यांचं म्हणणं आहे की तुमच्या बागेत माणसं पुरलीयत."

"किती?" ताईने विचारलं.

"ताई, गप्प बसा," बाई म्हणाल्या आणि हवालदारबाईंना मागे घेऊन गेल्या.

गालिचा अजून पुरला नव्हता. तो उलगडला तर त्यातून दोन राजांचे झगे, एक शाल, कापसाची दाढी आणि तीन उशा निघाल्या. हवालदारबाईंनी दाढी दोन बोटांत धरून तपासनिसांकडे पाहिलं.

"खड्डे बघा, खड्डे," तपासनीस म्हणाले. ते फाटकाच्या आत यायला तयार नव्हते.

खड्डा उकरला. पहिला जबडा निघाला तेव्हा हवालदारबाई क्षणभर थबकल्या. मग त्यांनी तो टिचकी मारून पाहिला, वास घेतला.

"प्लास्टर?"

"प्लास्टर," बाई म्हणाल्या. "मी दात बनवते. जुने साचे टाकायला आमच्याकडे दुसरी जागा नाही." मग त्यांनी मातीतून आणखी एक उचलला, बाहीने पुसला आणि जरा निरखला. "आणि हा तर यांचाच. वरचा."

"माझा?" तपासनीस नकळत दोन पावलं आत आले.

"डाव्या बाजूचं हाड खाली उतरलंय बघा. तुम्ही म्हणाला होतात की तिकडून खाता येत नाही."

तपासनिसांनी स्वतःचा जबडा हातात घेतला. आपल्याला कुणीतरी पुरलं होतं आणि वर काढलं, असा त्यांचा चेहरा झाला होता.

हवालदारबाईंनी हात झटकले. "तुम्हाला हे सगळं दिसलं कुठून?"

"कॅमेऱ्यातून. सगळं रेकॉर्ड आहे माझ्याकडे." तपासनिसांनी अभिमानाने फोन पुढे केला आणि हवालदारबाई बोटाने मागे मागे सरकवत गेल्या. गालिचा, बूट, पाहुणा, टोपल्या. त्याच्याही मागे. त्यांचं बोट थांबलं. फोनवर लिंबोणी होती, टब होता आणि निळी चड्डी होती. त्याच्या आदल्या दिवशी पुन्हा तेच. त्याच्याही आदल्या दिवशी.

"हे काय आहे?"

"ते नुसतं आपोआप," तपासनीस म्हणाले. "हलल्यामुळे."

"ही तुमची बाग आहे?"

"नाही. पण दांडा माझ्याच हद्दीत…"

"हे अजून कुणाला दिसतं?"

तपासनीस बोटांवर मोजू लागले. "आमच्या हिला. मुलीला. जावयांच्या फोनवर पण आहे, पण त्यांना वेळ नसतो."

बाई खाली बसल्या, मातीच्या ढिगावरच. आपली चड्डी दोन गावांत पोचली आहे हे त्यांना आत्ता कळत होतं.

हवालदारबाईंचा आवाज मोठा झाला नाही. तपासनिसांना त्यांनी एवढंच सांगितलं की कॅमेऱ्याने तुमचं दार बघावं, तुमचं अंगण बघावं, दुसऱ्याच्या घरात बघायचा त्याला अधिकार नाही. मागचं सगळं पुसून टाका, तुमच्या फोनवरचं आणि मुलीकडचंही, नाहीतर पुढच्या वेळी मी तुमच्यासाठी येईन. मग ताईकडे वळून म्हणाल्या, "आणि तुम्ही. पुन्हा पोलिसांना नाटक बघायला बोलावलंत तर तिकीट काढावं लागेल."

"पास देईन," ताई म्हणाली.

त्या गेल्या. तपासनीस जबडा घेऊन गेले. जाताना म्हणाले, "बघतो दोन दिवसांत, शिडी आणावी लागेल." बाईंना वाटलं, आता हे दोन दिवस किती लांबतात कोण जाणे.

त्या बागेतलं आवरत होत्या. जबडे पोत्यात भरताना वरून आवाज आला, पण त्यात शिट्टी नव्हती. बाईमाणसाचा होता.

"वहिनी, मी बोलतेय. यांची बायको."

बाई दचकून उभ्या राहिल्या. मग नळाजवळ गेल्या.

"मुलीच्या फोनवरून बोलतेय. आत्ता ह्यांनी सगळं सांगितलं. वहिनी, मला खरंच माफ करा. चारची वेळ झाली की मी फोन उघडायचे, पण तुमचा टब वगैरे दिसला की लगेच बंद करायचे. नाटक सुरू झाल्यावर मात्र…"

"तुम्हाला माहीत होतं, नाटक आहे ते?"

"पहिल्या दिवशीच. तुम्ही वर बघून हसलात ना."

नळाजवळ आलेल्या ताईने भावजयीकडे एक कटाक्ष टाकला.

"मग त्यांना सांगितलं का नाहीत?" बाईंनी विचारलं.

पलीकडे तान्हं बाळ कुरकुरलं, मग शांत झालं. "लग्न झाल्यापासून या माणसाने मला फोन केला की दोनच गोष्टी विचारल्या. दुधवाल्याचे किती झाले आणि चावी कुठे आहे. गेला आठवडाभर रोज संध्याकाळी तासभर बोलतात. आज पाहुण्याचा कोट दिसला, तुला काय वाटतं? चष्मा कुणी लावला बघितलंस का? मी कशाला सांगू?"

बाईंना हसू आलं आणि राग गेला नाही. दोन्ही एकाच वेळी असू शकतं हे त्यांना नवीन होतं. "पण अहो, मला इथे बसायचंय. कुणी न बघता. तुम्हीसुद्धा."

"माहितीय. त्यासाठीच बोलतेय. शिडीची काही गरज नाही, तो फोनवरूनच फिरतो. यांनी त्याचं पुस्तक वाचलेलं नाही. तुम्ही जरा बघा, मी फिरवतेय."

पांढऱ्या गोळ्याने मान हलवली. लिंबोणीवरून, जाईच्या वेलावरून, भिंतीवरून सरकत तो पूर्ण मागे वळला आणि थांबला. आता त्याची पाठ बागेकडे होती.

"कुठे बघतोय तो आता?" ताईने विचारलं.

"आमच्या मागच्या ओट्यावर," आवाज भिंतीपलीकडून आला, जरा लांबून. "आणि इथेच राहील, मी पासवर्ड बदलतेय. अहो. अहो, कपबशीचे तुकडे अजून तिथेच? झाडू दाराच्या मागे आहे. आणि बनियन बदला, खांद्याला भोक पडलंय."

पलीकडे खुर्ची धाडकन सरकली.

पुढचे काही दिवस भिंतीपलीकडून असंच ऐकू येत राहिलं. कुंड्यांना पाणी घाला. उन्हात डोकं उघडं ठेवून बसू नका. ते काय लपवलंत, बिस्किटाचा पुडा? बाई पाय पाण्यात सोडून डोळे मिटून ऐकायच्या आणि त्यांना आवाजाचा अजिबात त्रास व्हायचा नाही.

त्रास ताईला होत होता. तिला करमत नव्हतं. ट्रंक उघडायची, मिशा हातात घ्यायची, परत ठेवायची. बाईंनी तिला टबात पाय घालून बसायला सांगितलं. तिने पाच मिनिटं बसून पाहिलं आणि म्हणाली की यात काही घडत नाही.

मग एका दुपारी मागच्या फाटकाची कडी वाजली. तपासनीस बाहेर उभे होते, स्वच्छ बनियनवर शर्ट घालून. आत न येता त्यांनी आधी विचारलं, "येऊ का?"

"नाही," बाई डोळे न उघडता म्हणाल्या.

"बरं. मग ताईंना इकडे पाठवता का?"

ताई फाटकाशी गेली. तपासनिसांनी घसा खाकरला.

"त्या पाहुण्याचं काय झालं?"

"कुठल्या पाहुण्याचं? ती मीच होते."

"ते मला माहीत आहे आता. पण गोष्टीत काय झालं? हिने पण विचारलंय. तुम्ही मध्येच तोडलंत. त्याचा भाऊ येणार होता."

ताईने फाटकावर दोन्ही हात टेकले. तिचा आवाज बदलला. पहिल्यांदाच तिने तो शेवटच्या रांगेपर्यंत जाईल असा लावला. भाऊ कसा आला, त्याने बूट कसे ओळखले, दातवालीने त्याला कसं बोलण्यात गुंतवून खुर्चीत बसवलं, हे सगळं तिने उभ्या उभ्या रचलं. तपासनीस मान हलवत ऐकत होते. मग त्यांनी बोट वर केलं.

"इथे चुकतंय. भाऊ मागच्या फाटकाने आला म्हणता. पण मागच्या फाटकाला आतून कडी होती. मी रोज बघायचो."

"त्या दिवशी उघडी होती."

"कुणी उघडली?"

ताई अडली.  "तुम्ही सांगा," ती म्हणाली.

"शेजाऱ्याने," तपासनीस म्हणाले. "शेजारी त्यांना सामील असणार. त्याशिवाय तारा जुळत नाहीत."

"शेजारी? अहो, तो इतका घाबरट."

"घाबरट कशावरून? तो बुद्धिमान आहे. तो आधीपासून सगळं बघतोय."

"त्याला नळाजवळचं सोडून काही ऐकूसुद्धा येत नाही."

दोघांचे आवाज चढत गेले. लिंबोणीवरची चिमणी उडून गेली. बाईंनी एक डोळा उघडला.

"तुम्हा दोघांना वाद घालायचा असेल तर रस्त्यावर जाऊन घाला," त्या म्हणाल्या. "ही माझी वेळ आहे."

आणि ते खरंच गेले. ताई फाटकातून बाहेर पडली, तपासनीस तिच्या बाजूने हातवारे करत चालू लागले. शेजारी घाबरट की बुद्धिमान, हे वळणापर्यंत ऐकू येत होतं, मग ऐकू येईनासं झालं. बाई उठल्या, फाटकाला आतून कडी घातली आणि परत येऊन बसल्या.